शेकडो पानांचं काम: रायटरचं मास्टर डॉक्युमेंट, आणि वर्डमध्ये त्याच नावाचं दुखणं

मजकूर अनेक फायलींत लिहायचा आणि शेवटी एकाच बांधणीत बाहेर काढायचा, यासाठी लिब्रेऑफिस रायटर आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड या दोन्हींत ‘मास्टर डॉक्युमेंट’ नावाची सोय आहे. नाव एकच, म्हणून एकीकडची सवय दुसरीकडे लावली जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रायटरचं मास्टर डॉक्युमेंट जरा हेकट आहे, पण भरवशाचं. वर्डचं हाताळायला सोपं वाटतं आणि काम संपत आलं की दगा देतं. वर्डमध्ये याच कामाला दुसरे दोन बरे मार्ग आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच.

फरक कशात आहे तो आधी. रायटरचं मास्टर डॉक्युमेंट म्हणजे लिंक केलेल्या सेक्शनांची माळ. .ओडीएम या फाइलमध्ये असतात त्या प्रकरणांच्या .ओडीटी फायलींच्या लिंका, मास्टरच्या स्वतःच्या स्टाइली (फाँट, आकार, अंतर यांची नाव देऊन साठवलेली रूपं), अनुक्रमणिका आणि मधला थोडाफार सुटा मजकूर. प्रकरणांचा मजकूर तिथे दिसतो, पण खोडता येत नाही. कर्सर ठेवून टाइप करायला गेलात तर रायटर नकार देतो. दुरुस्ती करायची तर नॅव्हिगेटरमध्ये, म्हणजे जोडलेल्या फायलींची यादी दाखवणाऱ्या खिडकीत, त्या प्रकरणावर डबल-क्लिक, मूळ फाइल उघडते, तिथे बदल करून सेव्ह, मग मास्टरमध्ये येऊन अपडेट. नव्या माणसाला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण वाहतूक एकाच दिशेने असल्यामुळे मास्टरमध्ये काहीही बिघडलं तरी प्रकरणाच्या फाइलला ओरखडाही उठत नाही. .ओडीएम पार खराब झाली तर ती फेकून द्या, नवी करा, पंचवीस फायली पुन्हा जोडा. अर्ध्या तासाचं काम.

वर्डमध्ये मास्टर उघडून त्यातच सबडॉक्युमेंट, म्हणजे जोडलेली प्रकरणाची फाइल, उलगडता येतं आणि तिथल्या तिथे लिहिता येतं. मास्टर सेव्ह केलं की तो बदल मूळ फाइलमध्येही जातो. म्हणजे वाहतूक दुतर्फा. एका सेव्हमध्ये मास्टर आणि उलगडलेली सगळी प्रकरणं लिहिली जातात, आणि प्रत्येक प्रकरणाभोवती वर्डने स्वतःहून घातलेले सेक्शन ब्रेक (एक भाग दुसऱ्यापासून तोडणाऱ्या खुणा) असतात. त्यातला एक जरी चुकून उडाला, किंवा एखादी फाइल दुसरीकडे उघडी असताना मास्टर सेव्ह झालं, तर खरा मजकूर कुठला आणि प्रत कुठली हेच कळेनासं होतं. मास्टर बिघडलं तर प्रकरणंही बरोबर घेऊन बुडतं, म्हणून वर्डवर वर्षानुवर्षं काम करणारे लोक या सोयीला हात लावत नाहीत.

रायटरमध्ये सुरुवात कशी करावी

‘फाइल > न्यू > मास्टर डॉक्युमेंट’ हा सरळ दिसणारा रस्ता टाळा. त्यात कोरं मास्टर मिळतं आणि त्याच्या स्टाइली रायटरच्या मूळ ठरलेल्या असतात, तुमच्या नव्हे. याची किंमत पुढे मोजावी लागते. त्यापेक्षा आधी टेम्प्लेट करा: पानाचा आकार, समास, हेडिंगच्या तीन पातळ्या, मजकुराचा परिच्छेद, अवतरण, चित्राखालची ओळ, तळटीप, या सगळ्यांच्या स्टाइली नीट लावा आणि ‘फाइल > टेम्प्लेट्स > सेव्ह ॲज टेम्प्लेट’. मग त्या टेम्प्लेटवरून एक नवं डॉक्युमेंट उघडा आणि ‘फाइल > सेंड > क्रिएट मास्टर डॉक्युमेंट’ करा. आता मास्टरकडे तुमच्याच स्टाइली आहेत. प्रकरणांची प्रत्येक फाइलही त्याच टेम्प्लेटवरून उघडायची.

तीनशे पानांची एकच फाइल आधीच तयार असेल तर हीच ‘सेंड’ची आज्ञा ती फोडूनही देते. डायलॉगमध्ये कुठल्या पातळीच्या हेडिंगवर फोडायचं ते निवडायचं. पहिली पातळी निवडली की दर प्रकरणाची वेगळी .ओडीटी तयार होते. नावं मात्र मास्टरच्या नावापुढे १, २, ३ अशी लागतात, त्यातून काही बोध होत नाही. पहिल्या हेडिंगच्या आधीचा मजकूर, म्हणजे अर्पणपत्रिका, मनोगत वगैरे, मास्टरमध्येच सुटा राहतो. आणि ही फोड फक्त खऱ्या हेडिंग स्टाइलवर होते. ठळक करून, टाइप मोठा करून ‘हेडिंगसारख्या’ केलेल्या ओळी रायटरच्या लेखी साधा मजकूरच, त्यामुळे फोडण्याआधी त्या शोधून त्यांना स्टाइल लावणं आलंच.

प्रकरणं जोडायची ती नॅव्हिगेटरमधून (एफ५). इन्सर्टच्या बटणाखाली चार गोष्टी: इंडेक्स, फाइल, न्यू डॉक्युमेंट, टेक्स्ट. नवी गोष्ट निवडलेल्या ओळीच्या वर जाऊन बसते, खाली नाही. हे लक्षात नसलं की प्रकरणं उलट्या क्रमाने लागतात. वर-खाली सरकवायची बटणं आहेत, त्यामुळे फारसं बिघडत नाही. सलग दोन प्रकरणांच्या मधे स्वतःचा मजकूर हवा असेल, उदाहरणार्थ ‘भाग दुसरा’ असं एक पान, तर तिथे आधी ‘टेक्स्ट’ घालावं लागतं. नुसता कर्सर ठेवून एंटर मारून मधे जागा होत नाही.

सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘टूल्स > ऑप्शन्स > लोड/सेव्ह > जनरल’ मध्ये पत्ते फाइल सिस्टमच्या सापेक्ष साठवण्याची खूण आहे ना, ते पाहा. ती असली की अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उचललं, दुसऱ्या मशीनवर नेलं, तरी लिंका जिवंत राहतात. नावं सुरुवातीलाच ०१, ०२ अशी ठेवा. मधेच फाइलचं नाव बदललं की लिंक तुटते. अशा वेळी नॅव्हिगेटरमध्ये त्या ओळीवर राइट-क्लिक करून ‘एडिट लिंक’ मधून नवी फाइल दाखवायची. मास्टर उघडताना लिंका अपडेट करायच्या का असं रायटर विचारतो, तेव्हा ‘यस’. ‘नो’ म्हणून तासभर जुन्या मजकुरावर डोकं धरून बसणाऱ्यांची संख्या कमी नाही.

स्टाइलींचं राजकारण

मास्टर डॉक्युमेंटबद्दलच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेकींचं मूळ इथे सापडतं. नियम असा: एकाच नावाची स्टाइल मास्टरमध्ये आणि प्रकरणात दोन्हीकडे असेल, तर मास्टरमध्ये मास्टरची व्याख्या चालते. प्रकरणात असलेली आणि मास्टरमध्ये नसलेली स्टाइल आपोआप मास्टरमध्ये येते. आणि प्रकरणाची मूळ फाइल यातल्या कशानेही बदलत नाही. म्हणून सुट्या फाइलमध्ये हेडिंग निळं आणि मास्टरमध्ये काळं दिसलं तर तो बिघाड नाही; रायटर सांगितल्याप्रमाणेच वागतोय.

दुसऱ्या बाजूने, हाताने दिलेलं रूप, म्हणजे ओळ निवडून टाइप १४ केला, मधे मधे ठळक केलं, समास पट्टीवरून ओढला, हे मास्टरला जुमानत नाही. ते जसंच्या तसं येतं. स्टाइलने आलेलं सगळं बदलतं आणि हाताने केलेलं तेवढं उरतं, म्हणून एकत्र केल्यावर मजकूर ठिगळं लावल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय मास्टरमध्ये नाहीच. प्रकरणाच्या फाइलमध्ये परिच्छेद निवडून कंट्रोल-एम दाबायचं. हाताचं रूप जातं, स्टाइलचं उरतं. जाणूनबुजून दिलेलं तिरपं किंवा ठळकही त्यात जातं, म्हणून शब्दांवरच्या जोरासाठी आधीच अक्षर-स्टाइल (‘एम्फसिस’, ‘स्ट्राँग एम्फसिस’) वापरलेली असेल तर वाचाल.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना यात एक खास खाच आहे. रायटर देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (सीटीएल) या गटात धरतो आणि प्रत्येक स्टाइलमध्ये रोमन अक्षरांचा फाँट वेगळा, या गटाचा फाँट वेगळा ठेवतो. टाइपचा आकारसुद्धा वेगळा. स्टाइलच्या फाँट टॅबवर रोमनचा फाँट बदलला आणि सीटीएलचा भाग तसाच सोडला, तर मराठी मजकुराला काहीच होत नाही. आता समजा प्रकरणांच्या फायलींत सीटीएल फाँट नीट लावलाय आणि मास्टरच्या त्याच नावाच्या स्टाइलमध्ये राहून गेलाय. मग मास्टरमध्ये सगळं पुस्तक मशीनवरच्या ठरलेल्या देवनागरी फाँटमध्ये उघडतं. देवनागरी फाँटांची उंची एकमेकांशी जुळत नाही; वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार मावायला कुणी ओळीला जास्त जागा घेतो, कुणी कमी. सुट्या फाइलमधलं २० पानांचं प्रकरण मास्टरमध्ये २२ किंवा १८ पानांचं दिसू लागतं, आणि माणूस पानांच्या मांडणीत दोष शोधत बसतो. सीटीएलचे रकानेच दिसत नसतील तर ‘टूल्स > ऑप्शन्स’ मधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची खूण चालू करा. शिवाय परिच्छेदाची ओळ-उंची ‘प्रोपोर्शनल’ न ठेवता ‘फिक्स्ड’ ठेवली तर फाँट बदलला तरी पानं फार हलत नाहीत. मात्र आकडा बेताचा पडला तर वरच्या मात्रा कापल्या जातात. १२ पॉइंटच्या मजकुराला १८ पासून सुरू करून डोळ्यांनी पाहावं.

टेम्प्लेटमध्ये बदल केला की त्यावरून केलेली फाइल उघडताना रायटर विचारतो: स्टाइली अपडेट करू की जुन्याच ठेवू? इथे घाईघाईत ‘कीप ओल्ड स्टाइल्स’ दाबलं की त्या फाइलला पुन्हा हा प्रश्न येत नाही. टेम्प्लेटमधले पुढचे बदल त्या प्रकरणाला कळतच नाहीत, आणि हे कुठे ठळकपणे दिसतही नाही. चार जण प्रकरणं लिहीत असतील तर त्यातल्या एकाकडून हे घडतंच.

पानं, कोरी पानं आणि क्रमांक

प्रत्येक प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून प्रकरणांच्या शेवटी कंट्रोल-एंटर मारत बसू नका. मास्टरमधल्या ‘हेडिंग १’ स्टाइलमध्ये टेक्स्ट फ्लो टॅबवर ब्रेक घाला: प्रकार पेज, जागा बिफोर, आणि खाली ‘विथ पेज स्टाइल’ मध्ये प्रकरणाच्या पहिल्या पानाची पेज स्टाइल. त्या पेज स्टाइलची ‘नेक्स्ट स्टाइल’ म्हणजे आतल्या पानांची स्टाइल. एवढं केलं की पहिल्या पानावर शीर्षपट्टी नाही आणि पुढच्या पानांवर आहे, ही छापील पुस्तकाची रीत आपोआप साधते. शीर्षपट्टीत प्रकरणाचं नाव टाइप करू नका. पेज स्टाइलसुद्धा स्टाइलच, त्यामुळे मास्टरमध्ये सगळ्या प्रकरणांवर मास्टरचीच शीर्षपट्टी येणार. तिथे ‘इन्सर्ट > फील्ड > मोअर फील्ड्स’ मधून प्रकरणाच्या नावाचं फील्ड, म्हणजे आपोआप भरली जाणारी जागा, घाला. ते त्या त्या पानावरच्या हेडिंगप्रमाणे बदलतं.

पान १ कुठून सुरू व्हावं हे रायटर परिच्छेदावर ठरवतो. पहिल्या प्रकरणाच्या फाइलमध्ये त्याच्या हेडिंगवर राइट-क्लिक, पॅराग्राफ, टेक्स्ट फ्लो, तिथेच पान क्रमांक १. हे स्टाइलमध्ये टाकलं तर प्रत्येक प्रकरण पान १ पासून सुरू होईल. म्हणून इथे मात्र मुद्दाम हाताने.

यानंतर जवळजवळ नक्की येणारी तक्रार: मधेच कोरी पानं येतात. कारण असं की रायटरच्या हिशेबात विषम क्रमांक उजव्या पानाचा, सम डाव्याचा. प्रस्तावना उजव्या पानावर संपली आणि लगेच पुन्हा पान १ मागितलं, तर दोन उजवी पानं लागोपाठ बसत नाहीत, म्हणून मधे एक कोरं पान तो स्वतः घालतो. छपाईला हे बरोबरच आहे. पडद्यावर वाचायच्या पीडीएफमध्ये नको असेल तर एक्स्पोर्टच्या डायलॉगमध्ये आपोआप घातलेली कोरी पानं वगळण्याची खूण आहे. पण अगदी पहिलंच पान कोरं येत असेल तर ते हे नव्हे. मास्टर तयार होताना सुरुवातीला जो रिकामा ‘टेक्स्ट’ राहतो, त्यातला एकटा परिच्छेद एक पान अडवून बसतो आणि पुढचं हेडिंग ब्रेक घेऊन दुसऱ्या पानावर जातं. त्या ‘टेक्स्ट’ मध्येच मुखपृष्ठाचा मजकूर टाका, किंवा तो काढून टाका.

प्रकरण क्रमांक आणि चित्र क्रमांक मास्टरमध्ये सलग येतात. सातव्या प्रकरणाची सुटी फाइल उघडली की तिथे ‘प्रकरण १’ दिसेल, मास्टरमध्ये ‘प्रकरण ७’. सवयीने माणसाला हे खटकतं आणि तो सुट्या फाइलमध्ये ‘७’ असं हाताने टाइप करतो. तसं करू नका, मास्टरमध्ये ‘७ ७’ होतं. क्रमांकन ‘टूल्स > हेडिंग नंबरिंग’ मधूनच (जुन्या आवृत्त्यांत याचं नाव चॅप्टर नंबरिंग).

एका प्रकरणातून दुसऱ्याकडे बोट दाखवणं

‘पाहा, पृष्ठ १४३’ हा संदर्भ दुसऱ्या फाइलमधल्या जागेचा असेल तर रायटरची खरी परीक्षा होते, आणि तो काठावर पास होतो. रीत अशी: ज्या जागेकडे बोट दाखवायचं त्या फाइलमध्ये शब्द निवडा, ‘इन्सर्ट > क्रॉस-रेफरन्स’, प्रकार ‘सेट रेफरन्स’, आणि एक नाव द्या. मग संदर्भ देणाऱ्या फाइलमध्ये ‘इन्सर्ट रेफरन्स’ निवडा. यादीत ते नाव दिसणार नाही, कारण ते या फाइलमध्ये नाहीच. नावाच्या रकान्यात ते अक्षरशः तसंच टाइप करायचं, पान क्रमांक निवडायचा आणि इन्सर्ट. सुट्या फाइलमध्ये तिथे ‘एरर: रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असं उमटतं. घाबरू नका, मास्टरमध्ये अपडेट केल्यावर तिथे पान क्रमांक येतो.

पण नावात एका अक्षराचा, एका जागेचा फरक पडला तर मास्टरमध्येही तीच एररची ओळ राहते, आणि ती छापून जाते. म्हणून दिलेल्या नावांची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवा आणि तिथून कॉपी-पेस्ट करा. देवनागरीत नाव देऊ नका असं नाही, पण दिसायला सारख्याच शब्दात ऱ्हस्व-दीर्घ किंवा अदृश्य जोडअक्षर-चिन्ह निराळं असू शकतं, आणि ते डोळ्याला सापडत नाही. पक्की पीडीएफ निघाली की तीत ‘एरर’ शब्द शोधून पाहणं हा ठरलेला शेवटचा फेरा.

अनुक्रमणिका आणि शब्दसूची दोन्ही मास्टरमध्येच घालायच्या, नॅव्हिगेटरच्या ‘इंडेक्स’ मधून. सूचीतल्या नोंदी मात्र प्रकरणांच्या फायलींत. अपडेटचा क्रम महत्त्वाचा: आधी लिंका, मग इंडेक्स. आणि इंडेक्स दोनदा. पहिल्या फेरीत अनुक्रमणिका एका पानावरून दोन पानांवर गेली आणि क्रमांक सुरुवातीपासून सलग असले, तर पुढचं सगळं एका पानाने सरकतं आणि नुकतेच भरलेले आकडे चुकीचे ठरतात.

जे जमत नाही

सगळ्या पुस्तकात एकदम शोधा-बदला होत नाही. मास्टरमध्ये शोध चालतो, पण मजकूर संरक्षित असल्यामुळे बदल होत नाही. एका नावाचं शुद्धलेखन बदलायचं म्हटलं तर पंचवीस फायली उघडाव्या लागतात. संपादकाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, आणि ‘एकतर्फी वाहतूक म्हणजे सुरक्षित’ या गुणाचीच ती दुसरी बाजू आहे. मास्टर वाचता वाचता टीप घालणंही होत नाही. प्रकरणाची फाइल उघडावी लागते. म्हणून व्यवहारात बरं पडतं ते असं, की भाषेची दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत मास्टर हे फक्त ‘कसं दिसतंय’ ते पाहायला वापरावं.

चित्रं खूप असलेल्या पुस्तकात मास्टर अपडेट व्हायला वेळ घेतं. नॅव्हिगेटरमध्ये लिंकच्या आतला मजकूरही मास्टरमध्ये साठवण्याचं बटण आहे; ते दाबलेलं असेल तर .ओडीएम फुगते, पण प्रकरणांच्या फायली जवळ नसतानाही मजकूर दिसतो. कुणाला नुसतं पाहायला पाठवायचं असेल तेव्हा कामाचं, एरवी बंद ठेवा.

वर्डवाल्यांसाठी

वर्डमध्ये काम असेल तर पहिला सल्ला: एकच फाइल ठेवा. मोठी फाइल वर्डला झेपत नाही ही समजूत फार जुन्या मशीनच्या काळातली. वर्डची अधिकृत मर्यादा मजकुरासाठी ३२ एमबी आणि चित्रांसकट फाइलसाठी ५१२ एमबी आहे; नुसत्या मजकुराचं पाचशे पानी पुस्तक त्याच्या आसपासही जात नाही. फाइल जड होते ती चित्रांनी, आणि मंद होते ती बहुधा हजारो नोंदलेल्या बदलांनी. ‘व्ह्यू’ मधला नॅव्हिगेशन पेन उघडला की हेडिंगांची यादी दिसते, आणि त्यातलं हेडिंग धरून ओढलं की अख्खं प्रकरण त्याच्या तळटीपांसकट हलतं. मास्टर डॉक्युमेंटकडून लोकांना जे हवं असतं, त्यातलं बरंचसं इथेच मिळून जातं.

एक फाइल ठेवली की सेक्शन ब्रेकचं तंत्र मात्र समजून घ्यावं लागतं. वर्डमध्ये सेक्शन ब्रेकमध्ये साठवलेलं असतं ते त्याच्या वरच्या भागाचं रूप: समास, शीर्षपट्टी, पानांचे क्रमांक, कागद आडवा की उभा. ब्रेक खोडला की वरचा भाग खालच्या सेक्शनचं रूप घेतो. एक आडवं कोष्टक असलेलं पान काढून टाकताना अलीकडची चाळीस पानं आडवी होतात ती यामुळे. शेवटच्या सेक्शनचं रूप फाइलच्या अगदी शेवटच्या परिच्छेद-चिन्हात असतं, म्हणून ‘इन्सर्ट > ऑब्जेक्ट > टेक्स्ट फ्रॉम फाइल’ ने दुसऱ्याचं प्रकरण आत घेतलं की त्याची शीर्षपट्टी येत नाही. हवी असेल तर त्या फाइलच्या शेवटी आधी एक सेक्शन ब्रेक घालून ठेवा. आणि जोडल्यावर शीर्षपट्टीतलं ‘लिंक टू प्रीव्हियस’ कुठे चालू आहे, कुठे बंद, हे एकेका सेक्शनला पाहून घ्या.

प्रकरणं वेगळी ठेवणं भागच असेल, तर आरडी (रेफरन्स्ड डॉक्युमेंट) फील्ड वापरा. एका छोट्या फाइलमध्ये कंट्रोल-एफ९ दाबलं की फील्डचे महिरपी कंस येतात. त्यांत आरडी, मग अवतरणचिन्हांत प्रकरणाच्या फाइलचं नाव, आणि शेवटी उलटी तिरकी रेघ व एफ, म्हणजे पत्ता याच फाइलच्या सापेक्ष धरला जातो. पूर्ण पत्ता लिहायचा तर प्रत्येक उलटी रेघ दोनदा. दर प्रकरणाला एक आरडी, प्रकरणांच्याच क्रमाने. खाली नेहमीसारखी अनुक्रमणिका घाला आणि एफ९. ती सगळ्या फायलींतली हेडिंगं गोळा करून आणते. ही फील्डं लपलेल्या मजकुरात असतात, दिसत नसतील तर परिच्छेद-चिन्हं दाखवणारं बटण दाबा. यात वर्ड प्रकरणांच्या फायलींना हातही लावत नाही, फक्त वाचतो, म्हणून ते सुरक्षित.

कमतरता एकच, पण चीड आणणारी. पान क्रमांक तुम्ही सांभाळायचे. तिसरं प्रकरण ६४ वर संपलं तर चौथ्याच्या फाइलमध्ये ‘स्टार्ट ॲट ६५’ हाताने. तिसऱ्यात एक पान वाढलं की चौथ्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक फाइल उघडून आकडा बदला. प्रकरण क्रमांकाचंही तेच. म्हणून मजकूर पक्का झाल्यावरच हे करायचं.

आणि कुणी आधीच केलेलं वर्डचं मास्टर हाती पडलं तर? आधी अख्ख्या फोल्डरची प्रत. मग आउटलाइन व्ह्यूमध्ये ‘शो डॉक्युमेंट’, सबडॉक्युमेंटं उलगडा, आणि एकेकात कर्सर ठेवून ‘अनलिंक’. मजकूर मास्टरमध्ये कायमचा उतरतो आणि एक साधी फाइल हाती राहते. नवी फाइल जोडताना वर्ड एकाच नावाच्या स्टाइलचं नाव बदलू का असं विचारतो. ‘हो’ म्हटलं की जुळ्या स्टाइलींचं पीक येतं, तेव्हा उत्तर ‘नो टू ऑल’.

गूगल डॉक्सबद्दल थोडक्यात: चार जणांनी एका वेळी लिहायला उत्तम, पुस्तक बांधायला नाही. मर्यादा १०.२ लाख कॅरेक्टरची आहे आणि काना-मात्रा-हलन्त सगळे त्यात वेगवेगळे धरले जातात. ‘पुस्तक’ या शब्दाची ६ होतात. लिहून घ्या तिथे, बांधा दुसरीकडे.

रायटरमधून शेवटी पीडीएफ थेट मास्टरमधून निघते. डायलॉगमध्ये ‘एक्स्पोर्ट आउटलाइन्स’ ची खूण केली की प्रकरणांची यादी वाचणाऱ्याला बाजूला मिळते. छापणाऱ्याला किंवा संपादकाला एकच खुली फाइल हवी असेल तर ‘फाइल > एक्स्पोर्ट’ मध्ये .ओडीटी निवडा. त्यात प्रकरणं अजूनही संरक्षित सेक्शन म्हणून उतरतात, म्हणून ‘फॉरमॅट > सेक्शन्स’ मध्ये जाऊन सगळ्यांचं संरक्षण काढा आणि ‘रिमूव्ह’ करा. रिमूव्हने फक्त चौकट जाते, मजकूर राहतो. आणि जी शोधा-बदला इतके दिवस अडली होती, ती या एका फाइलमध्ये अखेर एकदम होते. फक्त त्यानंतरचे बदल सुट्या प्रकरणांत परत जात नाहीत, तेव्हा हे पाऊल प्रकरणांच्या फायलींतलं काम कायमचं संपल्यावरच उचला.